पांढऱ्यातलं काळं

रंगाच्या कारखान्यात मी रंग जुळवते आणि माझी नणंद त्यांना नावं ठेवते. हे वाक्य तिचंच. नव्या माणसाशी ओळख करून देताना ती ते हमखास वापरते आणि समोरचा हमखास हसतो. मला कारखान्यात पाठीमागे 'काटा' म्हणतात. वजनाचा की पायात रुतणारा, ते मी कधी विचारलेलं नाही.

ती बसते विक्रीच्या खोलीत. माझ्या प्रयोगशाळेतून 'राखाडी, हिरवट झाक, नमुना चार' असं काही तिच्याकडे गेलं की डब्यावर 'कोवळा म्हातारा' होऊन बाहेर पडतं. 'बोलकी शांतता' हाही तिचाच, निळ्यातला. शांतता बोलत असेल तर ती शांतता कशी, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "वहिनी, तू रंग सुकू दे, मी लोकांना ओलं करते." डबे खपतात, हे मात्र खरं.

तिने लग्न केलेलं नाही, ती आमच्याकडेच राहते. घर तिच्या भावाचं आणि माझं, पण लेकीच्या हिशेबात ते बहुधा आत्तूचं असावं.

त्या संध्याकाळी लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अभ्यास करत होती. मी चाकूने बटाटे चिरत होते.

"आई, मला विरोधाभास येतो. दोन शब्द एकमेकांच्या उलट असतात, जवळजवळ ठेवायचे. वरवर खोटं वाटतं, पण खरं असतं."

"येतो ना? मग झालं."

"उदाहरण स्वतःचं पाहिजे. पुस्तकातलं आणलं तर बाई उभं करणारेत. 'गार राग' चालेल?"

"राग आला की नाडी जलद होते, कातडी तापते. मोजून बघता येतं. गार असला तर तो राग नव्हे."

"म्हणजे चुकलं?"

"चुकलं. खोड ते."

तिने खोडलं, रबराचा चुरा फुंकरीने माझ्या बटाट्यांकडे उडवला आणि वही उचलून आत्तूच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून हसणं ऐकू आलं. आधी एकीचं, मग दोघींचं. त्या भिंतीचा रंग मीच जुळवलेला आहे. आवाज अडवायचा गुण त्यात नाही.

जेवताना कळलं की उदाहरणासोबत एक माणूसही न्यायचं आहे. घरातलं, ज्याच्या कामात असं काही उलटसुलट असेल असं. त्याने वर्गात येऊन ते करून दाखवायचं.

मी घास खाली ठेवला. असं काम या घरात एकच आहे. पांढऱ्या रंगात मूळची एक पिवळट झाक असते. ती मारायला त्यात निळसर काळ्याचा थेंब घालावा लागतो. मोजलं तर रंग किंचित गडद झालेला असतो, पण डोळ्याला आधीपेक्षा पांढरा दिसतो. लेक लहान असताना मी तिला प्रयोगशाळेत उंच स्टुलावर बसवून हे दाखवलं होतं आणि ती "पुन्हा, पुन्हा" म्हणाली होती. साहेबांकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी कशी मागायची, कुठला ड्रेस घालायचा, इथपर्यंत मी मनात पोहोचले होते.

"आत्तू येणार आहे," लेक ताटाकडे बघत म्हणाली. "पांढऱ्यातलं काळं दाखवायला."

म्हणजे उदाहरण माझं आणि माणूस ती.

"वहिनी, दोन फळ्या रंगवून देशील ना?" नणंद म्हणाली. "एक थेंबाची, एक बिनथेंबाची. मी घालायला गेले तर थेंबाऐवजी धार लागायची."

"देते की."

"बघ, तुझंच नाव होतंय," नवरा तोंडात घास असताना म्हणाला. या माणसाला घरात काय चाललंय ते नेहमी शेवटी कळतं.

मी ताटं उचलली. एकावर एक रचली आणि मोरीत ठेवली, अजिबात आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी फळ्या केल्या. दुसऱ्या फळीसाठी थेंब घेताना मनात आलं, आणखी एक टाकला तर पांढरं सरळ मळकं दिसेल आणि वर्गासमोर नणंदबाईंची गंमत होईल. पण बोटांना इतक्या वर्षांची सवय. थेंब पडायचा तेवढाच पडला. मला माझ्या बोटांचासुद्धा राग आला.

शाळेच्या दिवशी दोघी हसत, घाईने निघून गेल्या. मी चपला घालायला गेले तर चपलांच्या कपाटाला टेकून एक फळी उभी. थेंबाची. एक नेली आणि एक विसरली. एका फळीत काहीच दिसत नाही. ती नुसती पांढरी फळी.

मी तिच्याकडे बघत राहिले. कामावर जायची वेळ झाली होती. मी विसरले नव्हते, मला कुणी बोलावलंही नव्हतं. मग फळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि शाळेच्या रस्त्याला लागले. जाताना स्वतःला बजावत होते की हे लेकीसाठी आहे. पण मला ती फजिती बघायचीही होती.

फजिती वगैरे काही नव्हती. वर्गाच्या दारापर्यंत पोचले तर आतून हशा. नणंद एकच फळी हातात धरून मुलांना 'कोवळा म्हातारा' कसा सुचला ते सांगत होती आणि मुलं बाकांवर लोळायची बाकी होती. दुसऱ्या फळीची कुणाला गरजच नव्हती. तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

तेवढ्यात तिने मला पाहिलं. "अगं बाई, वहिनी! वाचवलंस गं!" आणि मुलांना म्हणाली, "आता खरी जादू."

तिने एक फळी या हातात धरली, एक त्या हातात. हात चांगले पसरून. मुलं इकडून तिकडे बघायला लागली.

"दोन्ही सारख्याच आहेत," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"सेमच आहेत," मागून दोघे तिघे.

नणंदेचा चेहरा उतरला. कुठे चुकतंय ते तिला कळेना. मला कळत होतं. मी गप्प राहिले असते तर ती तशीच उभी राहिली असती, हात पसरून. मी जरा वेळ राहिलेही गप्प. मग लेकीकडे नजर गेली. तिचे कान लाल झाले होते.

"जोडून धर," मी दारातून म्हटलं. "कडेला कड लावून. मध्ये फट नको."

तिने जोडल्या.

"ई! ही तर पिवळी आहे!"

"मघाशी पांढरी होती ना!"

"काळं हिच्यात आहे? पांढऱ्या वालीत?"

बाई स्वतः उठून जवळ आल्या. "शब्दांचंही असंच," त्या मुलांना म्हणाल्या. "लांब ठेवले तर दोन साधे शब्द. चिकटून ठेवले की एकामुळे दुसरा दिसतो. बरं, आता तुझं उदाहरण वाच."

लेक वही घेऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, आत्तूकडे बघितलं.

"वाच गं," आत्तू हळूच म्हणाली. "आता आलीच आहे ती, तर काय करणार?"

"माझ्या आईचा राग गार असतो," लेकीने वाचलं. "ती ओरडत नाही. ती भांडी हळू ठेवते."

खोडलेलं पुन्हा लिहिलं होतं. आणि मला का आणलं नाही, तेही मला तिथे, दारात उभ्या उभ्या कळलं. ज्याच्यावर लिहिलंय त्याच्यासमोर वाचायचं कसं?

"पण राग गार कसा असेल?" पहिल्या बाकावरची मुलगी. तिला विज्ञानात चांगले गुण पडत असावेत. "राग तर गरम असतो."

लेक माझ्याकडे बघत होती, चुकलं हा शब्द ऐकायची तयारी करून.

"फ्रीजरमधल्या पत्र्याला ओलं बोट लावलंयस कधी?" मी त्या मुलीला विचारलं. "चिकटतं. ओढून काढलं की भाजल्यासारखं होतं. तिचं बरोबर आहे."

अर्ध्या दिवसाची सुट्टी मी शेवटी फोनवरच मागितली. शाळा सुटल्यावर घरी येताना लेकीने आत्तूचाच हात धरला होता. फळ्या माझ्याकडे. दोघी वर्गातल्या कुणाची तरी नक्कल करत पुढे चालल्या होत्या आणि मला बरोबर म्हटल्याबद्दल तरी तिने एकदा मागे वळून बघावं, असं मला वाटत राहिलं. नाही बघितलं. बरोबर म्हटल्याने हेवा जातो असं काही नसतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी ताटं उचलली. सवयीने एकावर एक हळू ठेवायला लागले आणि पाठीमागची बडबड एकदम थांबली. दोघी माझ्या हातांकडे बघत होत्या.

मी कढई उचलली आणि मोरीत दाणकन आपटली. आतल्या खोलीतून नवरा ओरडला, "काय पडलं?"

"काही नाही," लेक आत्तूला कोपराने डिवचत म्हणाली. "आज गरम आहे." आणि उठून माझ्या शेजारी येऊन ताटं विसळायला लागली.