बाहेरून कुलूप

मनालीच्या सहलीच्या बॅगा लिफ्टपाशी ठेवून प्रीतम कुलूप घेऊन परत आला, तेव्हा इंदूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"दार बाहेरून नको लावू गा."

"काहून वं आई? परवा दार उघडं टाकून तू बेसा चौकात गेली होती. शेजारच्या काकूंजवळ चाबी आहे, त्या डबा देतील. पाचच तर दिवस."

इंदूबाईंच्या माहेरी सुट्टीत सगळे बैलगाडीनं रामटेकला जात, आंधळ्या आजीसकट. सासरी मात्र म्हाताऱ्या माणसाला घरीच ठेवत. चाळीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात पचमढीला निघताना दाराला बाहेरून कुलूप लावत त्यांनी विसरभोळ्या सासूला हेच सांगितलं होतं. पाचच तर दिवस.

परतल्यावर नवरा ऑटोतून सामान उतरवत होता, म्हणून कुलूप त्यांनीच उघडलं. जिच्याजवळ चाबी दिली होती ती शेजारीण मयतीला म्हणून माहेरी गेली ती तिकडेच राहिली होती. नळ बाहेर अंगणात. आत माठ कोरडा, कूलर कोरडा, आणि सासू दाराशीच पडलेली. जीव गेलेला, पण अंग अजून नरम होतं. इंदूबाईंनी तिला ओढत खाटेवर नेलं, चादर पांघरली आणि मगच हंबरडा फोडला. झोपेतच गेल्या, असं त्यांनी सांगितलं. अख्ख्या खानदानाला आजही तेच ठाऊक आहे.

"काहून नको, ते तरी सांग," प्रीतम घड्याळ पाहत म्हणाला.

इंदूबाईंनी तोंड उघडलं.

"काही नाही गा. जा तू."

बाहेर कुलूप लागलं. इंदूबाईंनी कळशी काठोकाठ भरली आणि दाराशी आणून ठेवली.