घेवड्यावरची माझी लेकरं

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझे पंख कडेला विरले आहेत, आणि जरा वारा सुटला की एका जागी ठरणं जमत नाही. तुमच्या हिशेबानं माझं वय अगदीच थोडं भरेल, पण माशीच्या जन्माला एवढं आयुष्य म्हणजे डोक्यावरून पाणी.

शेतीच्या पुस्तकात मला सिरफिड माशी म्हणतात. तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. फुलासमोर हवेत टांगल्यासारखी थांबते आणि तुम्ही बोट दाखवेपर्यंत गायब होते, ती मी. माझ्या पोटावर पिवळे-काळे पट्टे आहेत, म्हणून सगळे मला गांधीलमाशी समजतात. पण मला नांगीच नाही! हे पट्टे म्हणजे नुसतं सोंग. पाखरांनी घाबरावं आणि मला खाऊ नये, म्हणून जन्माबरोबर मिळालेलं.

माझा जन्म एका खिडकीत झाला. त्या घरात शिवणकाम करणारी एक बाई राहते. तिच्या शिवणयंत्रासमोरच ती खिडकी आहे. तिच्या लेकीनं, ठकूनं, तिथल्या कुंडीत घेवडा लावला आणि वेल गजांवर चढला. त्या वेलावर मावा पडला होता. मावा म्हणजे पानांमागे चिकटून रस पिणारे इवले हिरवे किडे. सकाळी एक दिसला, तर दोन दिवसांत त्याचं गाव वसतं. माझ्या आईनं नेमकं त्या गावाच्या वेशीवर मला अंड्यात ठेवलं आणि ती उडून गेली. आमच्यात आया अशाच असतात. लेकरासाठी जेवणाचं ताट वाढून ठेवतात, पण जेवताना बघायला थांबत नाहीत.

मी अंड्यातून निघाले तेव्हा अळी होते. पाय नाहीत, डोळे नाहीत, आणि रूपाचं म्हणाल तर न बोललेलंच बरं. पण भूक अशी, की विचारू नका! चाचपडत जायचं, मावा सापडला की तोंडानं वर उचलायचा, रस शोषून कातडं टाकून द्यायचं आणि पुन्हा पुढे. माझी भावंडंही त्याच कामाला लागली होती. वेल तरारला, फुलांनी भरला.

शिवणकाम करणाऱ्या बाईची नणंद आली की खिडकीपाशी थांबायची. "वहिनी, काय घेवडा आलाय गं! घालतेस तरी काय?"

"काही नाही हो, उरलेला चहाचा चोथा."

सगळं कौतुक चोथ्याला मिळालं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. पोट भरलं होतं. मग मी पानाला चिकटून कोशात झोपले आणि जागी झाले तेव्हा मला पंख होते.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले. फुलांतला मध प्यायचा, परागकण खायचे, उन्हात तरंगायचं. माझी अंडी घालायची वेळ आली, तेव्हा वेलाच्या नव्या शेंड्यांवर पुन्हा मावा धरला होता. जन्माची जागा सोडून मी कुठे जाणार? मी एकेक अंडं जपून ठेवलं. आणि आमच्यातल्या आया करत नाहीत ते केलं. मी थांबले. माझा पाय निघेना. रोज खिडकीशी यायचं, पानाखाली डोकावायचं, आपलं कुणी दिसतंय का बघायचं. अंड्यांतून अळ्या निघाल्या, खायला लागल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

एका दुपारी ठकू पान उलटं धरून ओरडली, "आई, बघ ना! ही अळी त्या हिरव्याला उचलून खातेय!"

आई यंत्रावरून उठली. तिनं अळी पाहिली, आणि मग वर घिरट्या घालणारी मी तिला दिसले.

"हात काढ आधी! गांधीलमाशीची पिल्लं आहेत ती."

"अगं, पण ती चावत नाहीये."

"आज नाही चावत, उद्या पंख फुटतील! मागच्या वेळी चावली तेव्हा डोळा केवढा सुजला होता तुझा, विसरलीस? रात्रभर उशाशी बसले होते मी."

नणंदेनं आतून टोमणा मारलाच, "वहिनी, शेंगा खायच्यात की किडे पाळायचेत?"

बाईनं वाटीत साबणाचं पाणी घेतलं, टोपलीतून एक चिंधी उचलली आणि पानं पुसायला सुरुवात केली. ती मला वाईट दिसली नाही, मित्रांनो. शेंडा मोडू नये म्हणून ती प्रत्येक पान तळहातावर घेऊन हळुवार पुसत होती, जशी आई लेकराचं तोंड पुसते. आणि त्या चिंधीत माझी लेकरं जात होती.

मी तिच्या तोंडासमोर गेले. मला वाटलं, मला नीट पाहिलं तर तिला कळेल. पण मी जितकी जवळ जायचे, तितके तिला माझे पट्टेच दिसायचे. "बघ, कशी अंगावर येतेय," असं म्हणत तिनं ठकूला मागे ओढलं आणि हात आणखी भराभर चालवला. माझ्या सोंगानं मला पाखरांपासून वाचवलं. माझ्या लेकरांना त्याच सोंगानं मारलं.

शेवटी तिनं ते पाणी खिडकीबाहेर ओतलं. एकही उरलं नाही.

मावा मात्र उरला, शेंड्यांच्या घडीत लपून. आता त्याला खाणारं कुणीच नव्हतं. पानं आक्रसली, फुलं गळली. ठकू रोज वेलाला पाणी घालायची. एके दिवशी आईनं वाळलेला वेल गजांवरून सोडवून काढला, तेव्हा ठकू कोपऱ्यात तोंड करून रडली. आई म्हणाली, "दुसरा लावू हं, बाळा," आणि स्वतःच पदरानं डोळे टिपले. का वाळला, हे दोघींनाही कळलं नाही. मला कळलं होतं, पण माझी भुणभुण कुणाला कळणार?

आता माझ्या पोटात एकच अंडं उरलं आहे. खिडकीखालच्या पाण्याच्या नळाच्या बुडाशी, भिंतीच्या फटीत एक रानटी रोपटं उगवलं आहे. त्याच्या देठावर थोडा मावा आहे. आज मी ते अंडं तिथेच ठेवणार आहे. जागा काही मनासारखी नाही. तिथून माणसांची ये-जा असते.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. पानावर काही वळवळताना दिसलं, तर चिंधी घेण्याआधी घटकाभर थांबा. ते पान खातंय की पान खाणाऱ्याला खातंय, एवढंच बघा. आणि नळाजवळचं ते रोपटं कुणी उपटायला निघालं, तर त्याला थोडे दिवस थांबायला सांगा. माझं लेकरू डोळ्यांवाचून जन्माला येईल. तेव्हा मी नसेन. त्याच्याकडे बघायला तुम्हीच असाल.