पहिल्या मजल्याच्या मुठी

“मिस्त्री, संध्याकाळपर्यंत दिवे लागतील ना? गिऱ्हाईक साड्या जिन्यात उजेडाला नेऊन बघतंय हो!”

हरिसाधनने मान वर केली नाही. पहिल्या मजल्यावरच्या लोखंडी पेटीत त्याने दोन्ही हात घातले होते आणि जळून काळी पडलेली तांब्याची पाती एकेक करून तो बाहेर काढत होता.

“बघू दे की. उजेडात रंग खरा दिसतो, नागबाबू. तेवढंच गिऱ्हाइकाचं भलं.”

पूर्णेंदू नाग ओशाळं हसले आणि आपल्या साडीच्या दुकानात शिरले. दुर्गापूजा तोंडावर आली होती. हलधर मॅन्शनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नेमका पहिला मजला अंधारात. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी ही पेटी भडकली, तेव्हापासून वरच्या मजल्यावरून लोंबत आणलेल्या एका वायरवर सहा दुकानं तगून होती. परवा तीही जळाली. दोन कंत्राटदार येऊन गेले. पेटी बघून दोघंही हसले. हिचा कारखाना आमच्या जन्माआधी बंद पडला म्हणाले, सगळं उपटून नवीन बसवा, पूजेनंतर. पूजेनंतर! सोसायटीचे सेक्रेटरी अधीर सामंत मग धावत हरिसाधनकडे आले. इतके दिवस त्याची आठवण नव्हती कुणाला.

हरिसाधनचं डोकं मुळातच तापट, आणि सध्या तर त्यावर भाकरी भाजावी अशी स्थिती. सगळ्यात जास्त राग होता तो गोलोकवर. बावीस वर्षं दोघांनी मिळून ही इमारत सांभाळली होती. विश्वकर्म्याच्या दिवशी हत्यारं धुवायची, शेंदूर लावून देवापुढे ठेवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना बोट लावायचं नाही, हे कलकत्त्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नागबाबू फाटकाशी आले, दुकानातले दिवे लुकलुकतायत, पाच मिनिटांचं काम आहे, म्हणाले. आणि या भोळसट माणसाला नाही म्हणता आलं नाही. देवापुढचा पान्हा उचलून गेला वर. हरिसाधन तेव्हा गच्चीवर भाच्यांबरोबर पतंग उडवत होता. खालून स्फोटाचा आवाज आला आणि मग गोलोकची किंकाळी.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. बाकीच्या हाताची कातडी झाडाच्या सालीसारखी झाली.

“देवाची हत्यारं उचलली, देवानं शिक्षा केली,” असं पहिल्यांदा कोण बोललं कोण जाणे, पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्या इमारतीत आणि दुसऱ्या दिवशी बेलेघाटात गोलोकच्या गल्लीत पोचलं. गल्लीतल्या मंडपाच्या दिव्यांचं काम दरवर्षी गोलोकचं. यंदा पूजा मांडणाऱ्या क्लबच्या पोरांनी ते दुसऱ्याला दिलं. ज्याच्यावर देव कोपला त्याचा हात मंडपाला नको म्हणे. गोलोकची बायको लतिका दर मंगळवारी निर्जळी उपास करत होती. आणि गोलोक? तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

“मी फ्यूजच्या मुठी काढल्या होत्या, हरिदा,” काल तो पुन्हा तेच म्हणाला. “तिन्ही काढल्या, खिशात घातल्या. तरी वीज आली. मग ती कुठून आली, तूच सांग. देवानंच पाठवली.”

“गप पड,” हरिसाधन खेकसला होता. मुठी काढायला विसरला आणि आता बरळतोय, असंच त्याला वाटलं होतं.

निघताना लतिकाने एक पुरचुंडी त्याच्या हातात दिली. “दादा, हे इमारतीचं घेऊन जा. हॉस्पिटलात त्यांचा सदरा दिला ना, त्याच्या खिशात होतं. घरात नको मला.” त्याने ती न बघता पिशवीत टाकली.

दुपारपर्यंत पेटीचं काम उरकलं. चांदणी बाजारच्या भंगारवाल्याकडून मिळवलेली पाती त्याने घासून बसवली, पात्यांखालची तडकलेली पाटी बदलली, एकेक नट दोनदा आवळला. सकाळी पेटीला टेस्टर लावून वीज नाही हे त्याने पाहिलं होतं, म्हणून खाली जायची गरज पडली नव्हती; आता तो तळमजल्यावर जिन्याखाली गेला. तिथे मोठ्या फळीवर प्रत्येक मजल्याच्या फ्यूजच्या तीन-तीन खोबण्या आणि त्यांत चिनी मातीच्या मुठी. मूठ काढली की त्या मजल्याची वीज गेली. वर काम करणाऱ्याने मुठी काढून स्वतःच्या खिशात ठेवायच्या, म्हणजे मागून कुणी वीज सोडायला नको, हा दोघांचा पहिल्या दिवसापासूनचा नेम.

पहिल्या मजल्याच्या खोबण्या रिकाम्या होत्या.

“मुठी कुठं गेल्या च्यायला?” तो पुटपुटला आणि बॅटरी आत मारली. खोबण्यांच्या जबड्यांत वितळलेल्या तांब्याचे मणी चिकटले होते. एका जबड्यात बोटभर वायर तशीच अडकलेली. लाल-पिवळी, पीळदार.

हरिसाधन तिथेच फतकल मारून बसला. पिशवीतली पुरचुंडी काढली. सोडली. तीन मुठी. एकीवर गोलोकचं रक्त वाळून काळं झालेलं.

मुठी याच्या खिशात होत्या. माणूस खरं बोलत होता. तीन आठवडे तो खरं बोलत होता, आणि मी, बावीस वर्षांचा सोबती, त्याला गप पड म्हणालो!

त्याने मणी खरवडून काढले, जबडे साफ केले. मुठी मात्र लावल्या नाहीत. खिशात घातल्या आणि वर आला. दिवे येणार म्हणून दुकानदार जिन्यात जमलेच होते.

“झालं काम?” सामंतांनी विचारलं.

“झालं.”

“मग लाव की रे बाबा!”

“लावतो. आधी मला सांगा, विश्वकर्म्याच्या दिवशी खाली खोबणीत वायर कुणी घातली?”

हरिसाधनने तो बोटभर तुकडा वर धरला आणि सावकाश चालत नागबाबूंच्या दुकानाच्या पाटीपाशी गेला. पाटीभोवतीच्या रंगीत दिव्यांच्या माळेला तो लावून दाखवला. तीच लाल-पिवळी, तोच पीळ.

“अशी वायर काय, बाजारात ढिगानं मिळते,” नागबाबू म्हणाले. पण त्यांचा आवाज चिरकला.

“तुम्हीच गेला होतात की खाली,” बटणांच्या दुकानातली छायादी एकदम म्हणाली. “मिस्त्री कशाला हवाय, थोडंफार मलाही येतं, असं म्हणत गेलात. मी ऐकलं.”

“आणि इतके दिवस तुमच्या तोंडात काय होतं, लाडू?” हरिसाधन तिच्यावरच उखडला.

“मला काय कळतंय त्यातलं? सगळे देव म्हणाले, मला वाटलं देवच!”

नागबाबू खाली स्टुलावर बसले. “दुकान भरलेलं होतं, हरिसाधन, आणि दिवे एकदम गेले. मिस्त्री अजून पेटीपाशीच आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. वाटलं, प्रसादाला गेला असेल. मुठी दिसेनात, म्हणून वायर घातली.”

“आणि तो जळल्यावर?”

“घाबरलो.”

“घाबरलात आणि देवाला पुढे केलंत! देव काही कोर्टात येऊन नाही म्हणत नाही ना! अहो, तो माणूस तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडलाय. हाताचं दुखणं त्यापुढे कमी आहे. आपण पापी आहोत म्हणून झुरतोय तो, आणि पाप तुमचं!”

“हरिसाधन, सणाचे दिवस,” सामंत मध्ये पडले. “आधी दिवे लाव. नागबाबू कुठं पळून चाललेत? पूजेनंतर शांतपणे बसू.”

“सगळं पूजेनंतर! गोलोकनं मात्र पूजेच्या दिवशी उठून यायचं!” हरिसाधनने खिशावर थाप मारली. “मुठी इथं आहेत. या मापाच्या दुसऱ्या सगळ्या कलकत्त्यात सापडल्या तर मिशी काढीन. नागबाबूंनी आत्ता माझ्याबरोबर बेलेघाटाला यायचं आणि गोलोकला तोंडानं सांगायचं. मग दिवे. नाहीतर हवं तर घाला पुन्हा वायर. जमतं ना तुम्हाला?”

शेजारच्या चपलांच्या दुकानाचा मालक म्हणाला, “जा हो नागबाबू. तुमच्यापायी आम्ही का अंधारात बसायचं?” मग दुसराही तेच म्हणाला. नागबाबूंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि चपला शोधू लागले.

दोघं बसने बेलेघाटाला आले. गोलोकच्या गल्लीत मंडपाला कापड चढवणं चाललं होतं, क्लबची पोरं बांबूंवर बसून आरडाओरडा करत होती. नळावर बायकांची रांग होती. परीटघडीचं धोतर सावरत नागबाबू त्यांच्यामधून वाट काढत गेले.

लतिका दारातच तांदूळ निवडत बसली होती. ती उठली आणि डोक्यावर पदर घेऊन बाजूला झाली. खुर्ची पुढे करावी की नाही, तिला कळेना.

“बसायला नको, बौमा,” हरिसाधन लतिकाला म्हणाला. “हे बसायला आलेले नाहीत. गोलोक, इकडे तोंड कर.”

गोलोक वळला. बाबू आले म्हणताच सवयीने नमस्काराला उठू लागला. हरिसाधनने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

नागबाबू जमिनीकडे बघत बोलले. “गोलोक, तू मुठी काढल्या होत्यास. खाली रिकाम्या खोबणीत वायर मी घातली. त्यानं झालं. देवाचा काही संबंध नाही यात. मला आधीच सांगायला हवं होतं.”

लतिकाच्या हातातलं सूप तिरकं झालं, तांदूळ खाली सांडत राहिले, ते तिच्या लक्षातही आलं नाही. गोलोक नुसता बघत होता. हरिसाधनला वाटलं, आता हा उठून नागबाबूंची गचांडी धरील. आणि धरली तर आपण सोडवायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. पण गोलोकचा आवाज आला तो अगदी साधा.

“तुम्ही घातलीत?”

“हो.”

“मग इथं नको. बाहेर जा. गल्लीत उभं राहून सांगा.”

“गोलोक, अरे, माझं नाव आहे बाजारात. तुला सांगितलं ना मी...”

“माझंही होतं,” गोलोक म्हणाला.

हरिसाधन एव्हाना दार अडवून उभा होता. तो बाजूला झाला.

नागबाबू बाहेर गेले. नळावरच्या बायका त्यांच्याकडे बघू लागल्या. मग बोलले. पहिल्यांदा पुटपुटल्यासारखं, नंतर जरा नीट. एकीने नळ बंद केला.

आत गोलोक खाटेच्या कडेला ताठ बसला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तो पुसत नव्हता. बाहेरचा आवाज थांबला तसा तो उठला, लतिकाच्या खांद्याचा आधार घेऊन उंबऱ्यापर्यंत आला.

“नागबाबू,” त्याने हाक मारली, “पुन्हा एकदा सांगा. बांबूवरच्या पोरांना ऐकू गेलं नाही.”