तिच्या यंत्राचं झाकण

बायको गेली हे मला कळलं त्याच्या घटकाभर आधी मी गिरणीच्या बॉयलरपाशी बसून हसत होतो. वर ती कामाला होती त्या पिंजणखात्यातली यंत्रं मध्येच थांबली होती. एखादं खातं थांबलं की वाफ लागत नाही, आणि आम्हा बॉयलरवाल्यांना फावडं टाकून पाठ टेकता येते. माझा जोडीदार म्हणाला, आज कुणाचं तरी भलं होवो, बस जरा. मी बसलो. तेवढ्यात मुकादम जिना उतरून आला. तो आमच्याकडे स्वतः कधी येत नाही, माणूस पाठवतो. माझ्याकडे न बघता त्याने जोडीदाराला सांगितलं, "ह्याला वर घेऊन ये."

वर काय पाहिलं ते लिहीत नाही. तिची बाही दातेरी चाकांत गेली होती, एवढंच.

पिंजणयंत्राच्या बाजूला ही चाकं असतात. त्यांवर लोखंडी झाकण हवंच, असा कायदा नुकताच झाला होता. झाकणं आली, लागलीही. पण त्याच सुमारास मालकांनी यंत्रांचा वेग वाढवला. चाकांत सारखा कापूस अडकायला लागला, आणि दर वेळी बोल्ट सोडून तो काढत बसलं तर दिवसाचं काम उरकेना. झाकण काढा असं कुणी म्हणालं नाही. काम कमी भरलं तर घरी बसा, एवढंच म्हणाले. शहाण्याला शब्दाचा मार. महिनाभरात सगळी झाकणं बाकांखाली गेली.

तिला पोचवून आलो, त्या संध्याकाळी युनियनचा वकील घरी आला. तो खरा वकील नाही, सूतखात्यात आहे. पण वाद घालायला लागला की समोरचा फी द्यायला तयार होतो, गप्प बस म्हणून. तो म्हणाला, सरकारी इन्स्पेक्टर येणार आहे. त्याने यंत्र उघडं पाहिलं तर दोष मालकाचा आणि वेग कमी करायचा हुकूम. झाकण लागलेलं पाहिलं तर ती आपल्या निष्काळजीपणाने गेली, असं कागदावर चढेल. कायमचं.

बाकीच्या यंत्रांची झाकणं मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली. पुरावा म्हणून उघडं राहिलं तिचं एकच यंत्र. त्या दिवसापासून ते चालवलेलं नव्हतं. युनियनने तिथे आळीपाळीने माणसं बसवली. पाळी सुटली की मीही जाऊन बसायचो. आजूबाजूची यंत्रं धडधडत असायची, आणि त्यात ते एकच गप्प.

मुकादम एकदा पाना घेऊन आला. वकील आडवा झाला. मुकादम म्हणाला, तेल द्यायचंय.

"बंद यंत्राला तेल? उद्या औषधपाणी पण कराल, मामा."

चारजण हसले. मुकादम हसला नाही. त्याने पाना खिशात घातला आणि कुणाकुणाच्या तोंडावर हसू आहे ते नीट बघून ठेवलं. पुढे मॅनेजरसाहेबांनी मला एकट्याला बोलावलं. तुझ्या दुःखाचा हे लोक तमाशा मांडतायत, म्हणाले. बाई चांगली होती, आता तिला शांत राहू दे. मी मान खाली घालून ऐकलं आणि परत यंत्रापाशी जाऊन बसलो. तिथे बसलो म्हणून नोकरी जाईल, हे मला दिसत होतं. पण निष्काळजी हा शब्द तिच्या नावापुढे लागू द्यायचा नव्हता. घरात पेटीची कडीसुद्धा ती दोनदा ओढून बघायची.

इन्स्पेक्टर आला तेव्हा खातं थांबवलेलं होतं. त्याच्यामागे मॅनेजर, मुकादम आणि आम्ही. बाया भिंतीकडेला उभ्या होत्या. मी आधी यंत्राकडे पाहिलं. यंत्र लख्ख पुसलेलं होतं. झाकण लागलेलं होतं. चारही बोल्ट आवळलेले.

आमच्यापेक्षा मॅनेजरच जास्त चकित झाला. तो उघड्या यंत्राची सबब पाठ करून आला होता. पण सावरलाही तोच आधी.

"त्या दिवशी हे असंच होतं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"असंच, साहेब," मुकादम म्हणाला.

वकील खोटं खोटं म्हणून ओरडला. इन्स्पेक्टर म्हणाला, मग लावलं कुणी, ते सांगा. वकिलाने आमच्याकडे पाहिलं, आम्ही एकमेकांकडे. पहाऱ्यावरून एकही माणूस हलला नव्हता. सकाळी तेवढा वकील दारात जाऊन उभा राहिला होता, कारण बाया यंत्र पुसायला आल्या होत्या आणि रडत होत्या. परक्या पुरुषाने रडणाऱ्या बायकांत कशाला उभं राहावं.

पिंजणखात्यातल्या बायकांची ती जुनी रीत आहे. कुणी गेलं की तिच्या शेजारणींनी तिचं यंत्र पुसून, तेल देऊन, जागच्या जागी सगळं नीट लावून ठेवायचं. नवी येणारी बिचकू नये म्हणून. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या डोक्यात आलं नाही.

भिंतीपाशी ताई उभी होती. बायकोची थोरली बहीण, शेजारच्याच यंत्रावरची. तिचे ओठ हलले. त्या खात्यात यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बाया आवाज न काढता ओठांनी बोलतात आणि ओठांवरून वाचतात. यंत्रं थांबली होती तरी तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. मी लावलं, असं ती म्हणाली. साऱ्या बायांनी वाचलं. बायकोमुळे ते मलाही येतं, मी वाचलं. मुकादमानेही वाचलं, कारण त्याचा चेहरा लगेच बदलला. इन्स्पेक्टर कागदावर वाकला होता.

मी म्हणालो, "साहेब, ती काही सांगतेय."

त्याने वर पाहिलं. मोठ्याने सांगा बाई, म्हणाला. ताईने मुकादमाकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

जाताना इन्स्पेक्टर मला म्हणाला, माझा अहवाल अजून गेलेला नाही. लावणारं माणूस कचेरीत येऊन आपल्या तोंडाने सांगेल तर मी लिहीन. दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या हातांवर. फाटकातच मुकादमाने तिला गाठून सांगितलं होतं, पुराव्याला हात लावणं हा गुन्हा असतो, आत टाकतात. खरं की खोटं, तिला ठाऊक नाही. मलाही नाही.

मी विचारलं, का लावलंस.

"सगळ्या यंत्रांना झाकणं लागली. माझ्या बहिणीचंच उघडं ठेवायचं? उद्या तिथं कुणाची तरी पोर उभी राहणार होती." मग ती माझ्यावर उसळली. "तुम्ही इतके पुरुष तिथं बसत होता. कशासाठी, ते आमच्यातल्या एकीला तरी सांगितलंत? मीटिंगला बोलावलंत कधी? आम्हाला वाटलं, तुम्ही तिच्यासाठी बसताय."

मी म्हणालो, तिच्यासाठीच बसत होतो.

ती म्हणाली, "मग आमच्यात येऊन बसायचं होतं."

वकील रोज विचारतो, ताई जाणार का. मी म्हणतो, तू विचार. तो म्हणतो, ती तुझी मेहुणी. आता मीटिंगला बायांना बोलवायचं ठरलंय. पहिल्या मीटिंगला तिघी आल्या, ताई आली नाही.

इन्स्पेक्टर गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाकीची झाकणं परत बाकांखाली गेली. वेग तोच आहे. तिच्या यंत्रावर आता एक नवी मुलगी आहे. तिनेही झाकण काढलंय.

ताई अजून कचेरीत गेलेली नाही. आणि जा किंवा जाऊ नको, यातलं काहीच मी तिला अजून सांगितलेलं नाही.