सील शाबूत होतं

मुंगळा हे नाव त्याला मोटरसायकल शर्यतींच्या पहिल्याच हंगामात पडलं. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाला एकदा चिकटला की मान तुटली तरी सुटायचा नाही, म्हणून मुंगळा. घरात तो धाकटा, मैदानावर मुंगळा, खरं नाव नुसतं कागदोपत्री. त्याच्या गाडीचं सगळं दादा बघायचा, म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. दादाही एके काळी शर्यती मारायचा. एका सरावात गाडी अंगावर आली, डावा गुडघा कायमचा गेला, आणि तेव्हापासून पाय ओढत चालणारा हा माणूस पाना-पक्कड हातात घेऊन धाकट्याच्या मागे उभा राहिला. आपलं राहिलेलं त्याच्याकडून करून घ्यायचं, एवढा एकच ध्यास. त्यानं लग्न केलं, दोन मुलं झाली, पण वहिनी म्हणायच्या, "यांचा खरा संसार त्या शेडमध्ये आहे. आम्ही इथे पाहुणे."

आणि समोर होता वकील. तोही खरा वकील नव्हे. नियमावली तोंडपाठ, आणि टायरच्या जाडीपासून धोक्याच्या पिवळ्या झेंड्यापर्यंत कशावरूनही लेखी तक्रार घेऊन पंचांच्या दारात उभा, म्हणून वकील. अंगानं काडी. बोलायला लागला की समोरच्याला घाम फुटायचा. पण गाडी चालवायचा ती मात्र लख्ख. सहा वर्षांत त्यानं कुणाला कोपर मारलंय, कुणाची वाट आडवलीय, असं कुणी पाहिलं नव्हतं. मुंगळ्याला तो डोळ्यांसमोर नको असायचा, आणि तो नसला तर शर्यत आळणी वाटायची.

त्यांच्या गटात सगळ्यांना एकाच कारखान्यातली एकसारखी इंजिनं मिळायची, चिठ्ठ्या टाकून. बोल्टांतून तार ओवलेली आणि तारेला शिशाचं सील दाबलेलं. ते उघडायचं नाही. जिंकायचं तर हातापायांनी जिंका, इंजिनानं नव्हे, असा हिशोब. फक्त एक गोष्ट नियमात नव्हती: चालवणाऱ्याचं वजन. मुंगळा वकिलापेक्षा अकरा किलोनं जड होता. सरळ पट्ट्यावर दर फेरीला वकील दोन गाड्यांचं अंतर काढायचा, मग वळणांवर मुंगळा जिवावर उदार होऊन ते भरून काढायचा. वर्षभर हेच चाललं होतं, आणि शेवटच्या शर्यतीपर्यंत दोघांचे गुण सारखे झाले. जो पुढे येईल तो विजेता, इतकं सोपं.

त्या शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत मुंगळा सरळ पट्ट्यावर आला, सवयीनं टाकीवर छाती टेकवून आडवा झाला आणि वकील लांब जायची वाट बघू लागला. वकील लांब गेला नाही. उलट त्याचं मागचं चाक जवळ येत चाललं. मुंगळ्याला वाटलं, आज वाऱ्याची साथ आहे. तिसऱ्या फेरीला तेच झालं. चौथ्या फेरीला त्यानं कान देऊन ऐकलं. इंजिनाचा आवाज वरच्या पट्टीत जाताना जिथे नेहमी दमायचा, तिथे आज दमत नव्हता. पाच वर्षं तो या इंजिनांवर बसला होता. स्वतःच्या घराचा जिना माणूस अंधारात उतरतो, एखादी पायरी जास्त लागली तर पायाला कळतंच.

त्याला कळलं. बारा फेऱ्या बाकी होत्या, आणि त्यातली एकही अशी नव्हती की जिच्यात त्याला वेगाच्या मुठीवरचा हात आवरता आला नसता.

शेवटच्या फेरीला त्यानं पट्ट्यावर वकिलाला गाठलं, एका गाडीच्या अंतरानं पुढे निघाला आणि रेषा ओलांडली. दादा कुंपणावर चढून लहान मुलासारखा ओरडत होता. मुंगळ्यानं हेल्मेट काढलं नाही तोच दादानं त्याला मिठी मारली. "बघितलंस? बघितलंस ना?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मुंगळा म्हणाला, "बघितलं."

वकील तासाभरात पंचांकडे. इंजिन उघडा, म्हणाला. हा माणूस पट्ट्यावर मला कधी गाठू शकत नाही, आज दर फेरीला गाठतोय, अकरा किलो हवेत विरले काय? मुख्य पंचांनी सील तपासलं. नंबर जुळला. तार अखंड. शिशाला ओरखडा नाही. सील शाबूत असताना इंजिन उघडता येत नाही, हा नियमच होता, आणि पंचांनी नियमावलीचं तेच पान वकिलापुढे धरलं. आजूबाजूचे खो खो हसले. कुणीतरी म्हणालं, "वकील स्वतःच्याच कलमात अडकला रे!"

मुंगळा पुढे झाला. कॅमेरे होते, लोक होते. त्यानं वकिलाच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "जाऊ दे. हरणं पचवायला वेळ लागतो. माझ्या मनात काही नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकिलानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो काहीतरी शोधत होता, पंच शिशावर ओरखडा शोधत होते तसा.

पुढचे आठ दिवस वर्तमानपत्रांत वकिलाचीच धिंड. रडका, कुरबुऱ्या, नाचता येईना अंगण वाकडं. त्याच्या संघाच्या मालकाला नाव खराब झालेलं परवडत नव्हतं. त्यानं वकिलाला सांगितलं, माफी माग, तीही ज्याच्यावर आळ घेतलास त्याच्याकडे जाऊन. म्हणून एका दुपारी वकील त्यांच्या शेडमध्ये आला. बरोबर मालकाचा माणूस आणि एक फोटो काढणारा. वकील दादासमोर उभा राहिला आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला, "मी तुमच्यावर खोटा आरोप केला. माझं चुकलं."

दादानं हातातला बोळा बाजूला ठेवला, हात पुसले, आणि त्याच्या पाठीवर थोपटलं. "असू दे रे. तरुण रक्त आहे. होतं असं."

मुंगळा तिथेच, साखळीला तेल लावत बसला होता. दादाच्या चेहऱ्यावर त्यानं रेघही हललेली पाहिली नाही. ते तिघं निघून गेल्यावर त्यानं विचारलं, "काय केलंस तू?"

"कशाचं?"

"दादा, मी त्या गाडीवर बसलो होतो."

दादानं शेडचं दार लोटून घेतलं. मग स्टुलावर बसून गुडघा चोळत, अगदी सरळ आवाजात, त्यानं सगळं सांगितलं. शिसं किंचित तापवलं की तार न तुटता सरकते. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढून अगदी केसभर घासलं, म्हणजे दाब वाढतो आणि ताकदही. मग तार परत ओवून सील दाबून बसवलं. चार महिने मोडक्या सीलांवर हात बसवत होता.

"चोरी आहे ही."

"चोरी? तो अकरा किलोनं हलका, तो कुठला न्याय? दर फेरीला तुझ्या जिवाचं पाणी करून तू जे कमावत होतास, ते तो नुसता काटकुळा जन्मला म्हणून खात होता. मी तागडी सरळ केली. जास्त काही नाही."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास." दादा हसला. "आणि शर्यतीत कळलं म्हणतोस ना? मग मुठीवरचा हात का नाही सैल सोडलास?"

दादाला उत्तर नकोच होतं. तो उठून परत कामाला लागला.

आणि मुंगळा गप्प बसला. हे सांगायलाच हवं, कारण पुढे लोकांनी त्याला फार सच्चा माणूस ठरवलं. तो तीन महिने गप्प बसला. माफी मागूनही मालकानं वकिलाला काढलं, तरी गप्प. दुसरा एकही संघ त्याला घेईना, तरी गप्प. वकील एका शोरूममध्ये स्कूटर विकतो हे कळलं, त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, पण तोंड उघडलं नाही. आईनं करंडक दिवाणखान्यात मधोमध ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "दोघांनी मिळून मिळवलाय."

मग महासंघाचं पत्र आलं. त्या वर्षीचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार मुंगळ्याला. खोटा आळ येऊनही प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर ज्या मोठ्या मनानं हात ठेवला, त्याबद्दल.

पत्र त्यानं दोनदा वाचलं. मग कपडे बदलले आणि थेट महासंघाच्या कचेरीत गेला.

सचिव साहेब गोल, हसरे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचं हसू हळूहळू आटत गेलं. उठून त्यांनी आपल्या खोलीचं दार लावलं.

"तुम्हाला पुरस्कार नको असेल तर तब्येतीचं कारण सांगा. आम्ही दुसऱ्याला देऊ."

"साहेब, पुरस्काराचं नाही. विजेतेपदच माझं नाही."

"अहो, हंगाम संपला. निकाल छापून झाले. गाडलेलं मढं कशाला उकरता? त्यात तुमचा भाऊ जाईल, तुम्ही जाल, आणि मुख्य पंचांचीही शोभा होईल. मिळणार काय?"

"इंजिन आमच्या शेडमध्ये आहे. उघडा म्हणजे झालं."

"इतके दिवस काय करत होतात?"

"गप्प होतो."

सचिवांनी सुस्कारा टाकला आणि कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा मग. पण लिहिताना ध्यानात ठेवा, आभार कुणी मानणार नाही."

इंजिन उघडलं. हेड मोजलं. दादाला कोणत्याही मैदानावर पाय ठेवायला जन्माची बंदी, मुंगळ्याला दोन वर्षांची. विजेतेपद वकिलाला, तेही साध्या पत्रानं. ना मंच, ना टाळ्या. ज्या वर्तमानपत्रांनी वकिलाची धिंड काढली होती त्यांनी चार ओळी छापल्या, पाचव्या पानावर.

दादानं आरडाओरडा केला नाही. माणसं इंजिन उचलून नेत असताना तो शेडच्या दारात उभा होता. ती गेल्यावर म्हणाला, "मला सांगून गेला असतास तर मी अडवलं नसतं."

"अडवलं असतंस."

"हो, अडवलं असतं." त्यानं शेडची किल्ली खिळ्यावर अडकवली. "तुझं मन साफ झालं. माझं आयुष्य त्याला फडकं म्हणून वापरलंस. पुन्हा मला दादा म्हणू नकोस." आणि पाय ओढत निघून गेला.

करंडक घेऊन मुंगळा वकिलाच्या शोरूममध्ये गेला. सकाळची वेळ. वकील एका जोडप्याला स्कूटर दाखवत होता, बायको डिकीत पिशवी मावते का ते बघत होती. मुंगळ्याला पाहून त्याच्या बोलण्यात खंड पडला नाही. जोडपं पाण्याचा ग्लास घेऊन सोफ्यावर बसलं तेव्हा तो आला.

"तुझा आहे," मुंगळा म्हणाला.

"ठेव तिथे काउंटरवर. बिलांवर नको."

"मी माफी मागायला आलोय."

"मीही मागितली होती. तुमच्या शेडमध्ये. आठवतंय? तू साखळीला तेल लावत होतास." वकिलाचा आवाज चढला नव्हता. "माझा बाप फोटो बघून म्हणाला, खोटं बोललास तर निदान मान वर करून तरी उभं राहायचं. त्यानं पेपरावर विश्वास ठेवला. माझ्यावर नाही. गेल्या महिन्यात वारला. विजेतेपदाचं पत्र त्यानंतर नऊ दिवसांनी आलं."

मुंगळ्यानं करंडक काउंटरच्या कडेला, बिलांपासून दूर ठेवला.

"एक सांग," वकील म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जुनी धार दिसली. "पट्टा सोडून दे. वळणांवर, त्या दिवशी, कोण पुढे होतं?"

मुंगळ्यानं खरं तेच सांगितलं. "तू. प्रत्येक वळणावर. तसा तू कधीच चालवला नव्हतास."

वकिलानं मान हलवली. "मला वाटलंच होतं." त्यानं काउंटरवरची बिलं नीट लावली. "पण नक्की माहीत असलेलं बरं."

"परत ये ना. आता कुठलाही संघ घेईल."

"चौतीसचा झालो. चार-पाच महिने गाडीला शिवलेलो नाही. कोण घेतो?" सोफ्यावरच्या बाईनं हाक मारली, ही निळ्या रंगात मिळेल का? वकिलानं वळून, तोंडभर हसून, "मिळेल ना ताई, आलोच," म्हटलं आणि परत मुंगळ्याकडे पाहिलं तेव्हा हसू पुसलेलं होतं. "तू खरं बोललास, ते बरंच केलंस. पण मी तुला माफ केलेलं नाही. उगाच कुणाला सांगत फिरू नकोस."

दोन वर्षांची बंदी संपली तेव्हा मुंगळ्यानं पुन्हा अर्ज केला. एका लहान संघानं घेतला. आता तो आठवा-नववा येतो. प्रत्येक शर्यतीनंतर त्याचंच इंजिन तपासायला नेतात, सगळ्यांच्या आधी, आणि तो बाजूला उभा राहतो.

दादा गावाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचे पंप दुरुस्त करतो. रविवारी दोघंही आईकडे जेवायला जातात. दादा साडेबाराला येतो, वहिनी आणि मुलांना घेऊन, आणि दोनला निघतो. मुंगळा कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबून त्यांची गाडी जाताना बघतो, मग जिना चढतो. आई भाजी पुन्हा गरम करते, पुन्हा पोळ्या लाटते. एकदा तो म्हणाला, "आई, तू कशाला एवढं करतेस? मी गार खाईन."

आई तव्यावरून नजर न उचलता म्हणाली, "मग दोघांपैकी एकानं यायचं बंद करा."

तो पाटावर बसला आणि जेवला.