बेलभंडारा वाहिलेली स्टिक

मी एक जुनी स्टिक आहे. नाही मित्रांनो, गुरं हाकायची काठी नव्हे, हसू नका! मी छापखान्यातली स्टिक. तळहातावर मावेल एवढी, तीन बाजूंना काठ असलेली लोखंडाची. माझ्यात एक सरकता अडसर आहे आणि तो आवळायला एक स्क्रू. पूर्वी काहीही छापायचं झालं, तर शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, केसच्या, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीच्या, घरातून उचलून माझ्यात उभा करावा लागे. तुमच्या आजीची लग्नपत्रिका आधी माझ्यासारख्याच एखादीच्या कुशीत उभी राहिलेली असते, मग कागदावर उतरते. एवढा मोठेपणा आत्ताच सांगून घेते, कारण पुढे सांगायला तो फारसा उरलेला नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी सोलापुरात साखर पेठेतल्या एका छापखान्यात आले. तिथले जुने फोरमन रुद्रप्पा यांनी मला बरीच वर्षं वापरलं. काम सोडताना त्यांनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या निंगप्पाच्या हातात मला ठेवलं आणि म्हणाले, "हत्यार न्हाय, लेक देतोय तुला. नीट नांदव." निंगप्पाने मला कपाळाला लावलं. तेव्हा मला वाटलं, आता जन्माचं कल्याण झालं. वाटतंच हो असं!

खोटं कशाला बोलू, नांदवलंही त्याने छान. त्याचा हात म्हणजे काय सांगू! खिळ्याच्या अंगाला एक बारीक खाच असते. ती अंगठ्याला लागली की खिळा सुलटा आहे हे निंगप्पाला न बघता कळायचं. तो गप्पा मारत असायचा आणि इकडे माझ्यात ओळ भरत असायची. शेजारी धोंडीराम बसायचा. तो रोज सकाळच्या एस्टीने मंद्रूपहून यायचा. पलीकडे महानंदा. छापून झालेले खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचं काम तिचं. दुपारी तिघं एकत्र बसून भाकरी आणि शेंगाची चटणी खायचे. मी निंगप्पाच्या मांडीवरच असायचे. धोंडीराम त्याला चिडवायचा, "निंगप्पा, बायकू माहेरी गेली तर चालंल तुला. पर ही स्टिक न्हाय दिसली तर तुजं पान हलत न्हाय की!"

आमच्या अक्षरांचं वळण लई देखणं होतं. चादरींचे कारखानदार अडून बसायचे, "लेबल ह्याच अक्षरात पायजे." छापखान्याचे मालक चन्नवीर छाती फुगवून फिरायचे. आम्हालाही बरं वाटायचं.

मग सत्त्याहत्तर साल उजाडलं आणि मालकांच्या डोक्यात मशीन शिरली. फोटोवर अक्षरं जुळवणारी मशीन. मुंबईहून कंपनीचे साहेब आले. त्यांनी सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. म्हणाले, या मशीनला अक्षर वाचता येत नाही. तिला फक्त एवढंच कळतं, की कोणतं अक्षर ओळीत किती जागा खातं. म्हणून सगळ्यांत रुंद अक्षराचे अठरा भाग धरायचे. मग 'म' त्यातले किती भाग खातो, 'र' किती खातो, असा एकेक आकडा काढायचा. ते आकडे कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून मशीनला भरवले, की मशीन थेट तुमच्या छापखान्याच्या वळणाची ओळ जुळवील. अक्षरांचे फोटो आम्ही काढू, खिळ्यांची मापं तेवढी तुम्ही द्या.

"आन् मापं घिऊन झाल्यावर ह्या खिळ्यांचं काय?" धोंडीरामने विचारलं.

"वितळवा की. शिसं आहे ते," साहेब म्हणाले.

"आन् आमचं?"

मालक म्हणाले, "बघू की." मित्रांनो, मालक माणूस "बघू" म्हणाला की काय समजायचं, ते तुम्ही मोठे झालात की कळेल.

पण एक मेख होती. शेकडो खिळ्यांतला कोणता कुठल्या घरात आहे, कोणता झिजलाय, कोणता दुसऱ्याच्या घरात चुकून पडलाय, हे फक्त या तिघांना ठाऊक. तिघांनी माप दिलं नाही, तर मशीन मुंबईतच राहणार. म्हणून खंडेनवमीला तिघांनी ठरवलं. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आम्हाला रॉकेलने पुसून, झेंडूची फुलं वाहून पाटावर मांडलं होतं. धोंडीरामने माझ्यात बेलाचं पान ठेवलं, त्यावर मूठभर भंडारा टाकला. माझ्या कोपऱ्याकोपऱ्यात हळद शिरली. तो म्हणाला, "हिच्यावर हात ठिवा. आपल्यातलं कुनीबी माप देनार न्हाय. एकाचं प्वाट गेलं तर तिघांचं गेलं."

महानंदाने हात ठेवला. धोंडीरामने ठेवला. सगळ्यांत वर निंगप्पाचा हात. तो हात मला वजनावरून कळतो. त्या दिवशी मी लोखंड नव्हते, देवी होते देवी!

दसरा झाला. आपट्याची पानं अजून वाळली नव्हती, तोच मालकांनी धोंडीरामला पावतीपुस्तकांचे गठ्ठे देऊन करमाळ्याला धाडलं. महानंदाला म्हणाले, आज घरी राहा. मग दार लोटून घेतलं. निंगप्पाने मला पाटावरून उचललं. माझ्यातलं बेलाचं पान काढलं, दोन्ही डोळ्यांना लावलं आणि खिशात घातलं. पान खिशात, बरं का! आणि मग माझ्यात 'म'चे दहा खिळे उभे केले.

अडसर सरकवला, स्क्रू आवळला, पट्टी लावून दहांची मिळून रुंदी वाचली. मालकांनी भागून लिहून घेतली. मग 'र', मग 'ल', मग जोडाक्षरं, मग कानेमात्रे. दिवसभर माझ्याच पोटात घालून त्याने माझ्याच लेकरांची मापं काढली, आणि ती कशासाठी तर भट्टीसाठी. मी किंचाळले असते हो, पण लोखंडाला तोंड कुठलं?

पट्टी वाचताना त्याचं नाक तिला टेकत होतं. मालकांनी विचारलं, "काय रे, दिसत न्हाय का?"

"न्हाय मालक. साल झालं. खिळा बोटाला कळतोय, डोळ्याला न्हाय. बारीक टाईप आला की लई चुकतोय. धोंडीरामला ठाव न्हाय. मला तेवढं मशीनवर बसवा."

"बसवतो की," मालक म्हणाले.

मला दया यायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. नाही आली. ज्या अंगावर हात ठेवून शपथ घेतली, तेच अंग शपथ मोडायला वापरलं, त्याची दया कशी करायची? दुसऱ्याची स्टिक घेतली असती तर एक वेळ गिळलं असतं.

पण हळद लपते होय! केसच्या अगदी कोपऱ्यात 'ङ'चं घर आहे. त्या बिचाऱ्याला कुणी कधी उचलत नाही. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी महानंदा केस पुसायला बसली आणि थबकली.

"निंगप्पा अण्णा, ह्या 'ङ'ला हळद कशी लागली वो? ह्याला तर कोन हातबी लावत न्हाय."

धोंडीराम उठला. त्याने एका घरातला खिळा उचलला, दुसऱ्या घरातला उचलला, तिसऱ्यातला. सगळ्यांचे पाय पिवळे. मग त्याने मला बघितलं आणि मग निंगप्पाला.

"माजं डोळं गेल्यात, धोंडीराम," निंगप्पा खाली बघत म्हणाला.

धोंडीराम ओरडला नाही. "मला सांगितलं असतंस तर तुज्या वाटचा बारीक टाईप मी जुळवला असता की रं," एवढंच म्हणाला आणि आपला डबा उचलून घरी गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मशीन आली. आकडे बरोबर निघाले. ओळ तंतोतंत आमच्या वळणाची. खिळे पोत्यांत भरून गेले. जाताना त्यांचा जो आवाज झाला, तो मी अजून विसरले नाही. धोंडीरामला आणि महानंदाला मालकांनी "आता काय काम हाय?" म्हणून सांगितलं. महानंदा टॉवेलच्या कारखान्यात दशांना गाठी मारायला लागली. निंगप्पाला मशीनची खुर्ची मिळाली. मालकांनी त्याला दिलेला शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे.

आणि मी? मशीनच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. निंगप्पाने इकडेतिकडे बघितलं आणि मला त्याखाली सरकवलं. रुद्रप्पांनी दिलेली लेक! वर मशीन, शेजारी निंगप्पाच्या चपला. असे चार-पाच महिने काढले मी.

मग पुन्हा खंडेनवमी आली. मशीनला हार घातला, नारळ फोडला. निंगप्पा वाकून नमस्कार करायला गेला आणि त्याला मी दिसले. तो तसाच वाकलेला राहिला. मग त्याने मला ओढून काढलं. टेबल डुगडुगलं, मालक ओरडले, "अरे काय करतोस!" पण तो मला धोतरात खोचून निघाला तो थेट मंद्रूपच्या एस्टीत.

धोंडीराम आता बाजारात कांदे विकतो. त्याच्या घरी पाटावर तराजू मांडला होता. त्याची बायको मथुराबाई हिने निंगप्पाला पाणी दिलं. निंगप्पाने मला पुढे केलं. "हिला तुज्याकडं ठिव. माज्याकडं शोभत न्हाय."

धोंडीरामने मला घेतलं, आपल्या टोपीने पुसलं. तराजूशेजारी ठेवलं, बेल वाहिला, भंडारा टाकला. घरातल्या सगळ्यांनी हात लावून नमस्कार केला. शेवटी निंगप्पानेही हात पुढे केला. धोंडीरामने पाट हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"तू नगं," तो म्हणाला. "पानी पी आन् जा. एस्टी चुकंल."

मित्रांनो, खरं सांगते, त्या क्षणी मला तो हात हवा होता. एवढं सगळं होऊनही हवा होता, याचाच मला राग येतो. निंगप्पा गेला. तो परत आला नाही.

आता मी तराजूजवळ असते. माझा स्क्रू अजून त्या दिवशीच्या शेवटच्या मापावर आवळलेला आहे. धोंडीराम तो सैल करत नाही आणि मीही त्याला दोष देत नाही. तुमच्याही घरी एखादं जुनं हत्यार असेल. त्याला पुसा, तेल द्या, जमलं तर वर्षातून एकदा फूल वाहा. नाही वाहिलंत तरी आम्ही रागावत नाही. पण आमच्यावर हात ठेवून शब्द देऊ नका. आणि दिलात, तर तो मोडायला निदान आम्हालाच हातात घेऊ नका.