दक्षिणेच्या भिंतीवरची तार

मी देसांकाबाईंच्या रेडिओची तार बोलतेय. तांब्याची आहे. दोन हात भिंतीवर आडवे, शेपूट खाली रेडिओत. अकरा वर्षं हात पसरून आहे. आता खांदे भरून येतात.

मला आणलं त्यांच्या मुलाने, वुकाशिनने. पुढच्याच आठवड्यात तो लिंझला कामाला गेला. मग बाईंनीच मला पूर्वेच्या भिंतीवर टांगलं, घरच्या संताच्या तसबिरीखाली. आमच्या सर्बियात मानाची वस्तू तिथेच जाते. पण आम्हा तारांना समोरचं आणि पाठीमागचं ऐकू येतं, हातांच्या टोकांकडचं नाही. रेडिओचा मनोरा दक्षिणेच्या टेकडीवर, आणि माझं एक टोक नेमकं तिकडे.

संताच्या सणाला दुपारी परदेशातल्या मुलांचे निरोप रेडिओवर वाचतात. तीन वर्षांपूर्वी घर विकण्यावरून वुकाशिन भांडला, तेव्हापासून त्याचा फोन नाही. बाईंची सगळी आशा त्या निरोपावर. कान लावून बसत. खरखर, एखादं नाव, पुन्हा खरखर. "आमच्या वुकाशिनचं खरखरीत गेलं," असं शेजारणींना सांगत.

यंदा सणाच्या सकाळी शेजारचा झिवादिन हातोडी घेऊन आला. जन्मभर विजेच्या तारा ओढलेला माणूस.

"वहिनी, संताला रेडिओ ऐकायचा असता तर त्याने स्वतः तार आणली असती."

"जीभ आवर. आणि भोकं कमी पाड, भिंत माझी आहे."

त्याने कपाट सरकवलं, मला दक्षिणेच्या भिंतीवर ताणून ठोकलं. आवाज इतका स्वच्छ आला की निवेदिकेने कागद उलटलेलाही ऐकू आला.

दोघं कॉफी घेऊन बसले. व्हिएन्ना, ग्राझ, श्टुटगार्ट. लिंझहूनही दोन निरोप आले, दुसऱ्याच आयांना. चाळीसेक नावं झाली. मग हवामान सुरू झालं.

बाईंनी एप्रनच्या सुरकुत्या सारख्या केल्या. "बघ, नेमकं आमचंच खरखरीत गेलं."

झिवादिनने माझ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. "हो वहिनी. तार जुनी झालीय. दुसरी आणतो."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी एकही शब्द गाळला नव्हता. तरी आळ मी मुकाट्याने घेतला. मला खुशाल काढा, थकलेच आहे. फक्त लिंझला कुणाला वुकाशिन भेटला, तर एवढं सांगा: तुझ्या आईच्या घरी आता सगळं स्वच्छ ऐकू येतं.